आटत जाणारे अंतर

गेली काही वर्षे मी मोटार शर्यती दोन पडद्यांवर पाहतो. मोठ्या पडद्यावर दूरचित्रवाणीचे थेट प्रक्षेपण चालू असते आणि शेजारच्या लहान पडद्यावर नुसते आकडे असतात. प्रत्येक चालकाच्या फेरीची वेळ, पुढच्या गाडीपासूनचे अंतर, टायर किती फेऱ्या जुने आहेत हा तपशील, आणि फेरीच्या तीन टप्प्यांपैकी कोणता टप्पा कोणी किती जलद पार केला ते सांगणारे जांभळे, हिरवे आणि पिवळे रंग, एवढाच त्या पडद्याचा संसार आहे. ही सवय मी हौसेने लावून घेतलेली नाही. मोठ्या पडद्यावर जे दिसायला हवे ते हळूहळू दिसेनासे होत गेले, आणि शर्यत कुठे चालली आहे हे समजून घेण्यासाठी मला आकड्यांच्या रकान्याचा आधार घ्यावा लागला.

५ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरच्या रात्रीच्या शर्यतीत हा आधार नसता तर एक मोठी गोष्ट माझ्या हातून निसटली असती. शेवटच्या काही फेऱ्यांत लुईस हॅमिल्टनच्या फेरारीचे ब्रेक निकामी झाले. त्याच्या बरेच मागे असलेल्या फर्नांडो अलोन्सोला पुढे संधी आहे याची चाहूल लागली आणि तो जीव तोडून धावू लागला. दोघांतले तिसाहून अधिक सेकंदांचे अंतर रकान्यात अक्षरशः वितळत होते. चौकटींच्या झेंड्यापाशी ते अर्ध्या सेकंदाच्याही आत आले. पुढे हॅमिल्टनला पाच सेकंदांची शिक्षा झाली आणि सातवे स्थान अलोन्सोकडे गेले. फॉर्म्युला वनचे दोन अनुभवी विजेते, एकाची गाडी थांबायला तयार नाही आणि दुसऱ्याला वेळ पुरत नाही, असा हा प्रसंग होता. मोठ्या पडद्यावर त्याचा फार थोडा भाग दिसला. त्याच शर्यतीत अठराव्या जागेवरून निघून दहावा आलेल्या कार्लोस सायन्झने नंतर उघडपणे तक्रार केली की प्रक्षेपणात चालकांच्या मैत्रिणी आणि नामवंत पाहुणे दाखवण्याच्या नादात प्रत्यक्ष शर्यत सुटून जाते. चालकानेच हे बोलून दाखवले याचे मला बरे वाटले, कारण प्रेक्षकाने तेच म्हटले की जुन्या आठवणींत रमणारा माणूस म्हणून त्याला बाजूला सारले जाते.

मला जुने दिवस परत नको आहेत. आजच्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, चालकांची तयारी कितीतरी सखोल आहे, आणि एका क्षणी सगळ्या गाड्यांविषयी जेवढी माहिती उपलब्ध असते तेवढी पूर्वी संघांनाही मिळत नसे. माझे म्हणणे एवढेच आहे की शर्यतीचा प्राण दोन गाड्यांमधल्या अंतरात असतो, आणि आजच्या प्रक्षेपणाला त्या अंतराकडे पाहत राहण्याइतका धीर उरलेला नाही.

हे जरा उलगडून सांगायला हवे. समजा, पुढची गाडी आठ सेकंदांनी पुढे आहे आणि मागचा चालक दर फेरीला तीन दशांश सेकंद कापतो आहे. त्याला तिथे पोचायला सत्तावीस फेऱ्या लागतील. या सत्तावीस फेऱ्यांत पडद्यावर वरवर पाहता काहीही घडत नाही. पण पुढच्या चालकाचे मागचे टायर झिजत चाललेले असतात, तो वळणातून बाहेर पडताना थोडा उशिरा वेग देऊ लागलेला असतो, एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांतून वाट काढताना एका फेरीत अंतर दोन सेकंदांवर थांबते आणि पुढच्या फेरीत पुन्हा घसरते. मागचा चालक टायर राखतो आहे की उधळतो आहे हे कळण्यासाठी प्रत्येक फेरीची वेळ आधीच्या फेरीशी ताडून पाहावी लागते. शेवटी जेव्हा तो ब्रेक उशिरा दाबून आत घुसतो तेव्हा ती कृती जेमतेम दोन सेकंदांची असते. ती दोन सेकंदे वारंवार दाखवता येतात आणि फोनच्या पडद्यावरही चांगली दिसतात. तिला किंमत देणाऱ्या सत्तावीस फेऱ्या मात्र कापून काढल्या की उरतात त्या एकमेकांच्या पुढे गेलेल्या दोन गाड्या.

अंतराप्रमाणेच वेगही पडद्यावर हरवतो, आणि त्यात दिग्दर्शकाच्या घाईपेक्षा भिंगाचा दोष मोठा आहे. दुरून लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात खोली दाबली जाते. एकामागून एक येणाऱ्या गाड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, आणि ताशी तीनशे किलोमीटरने अंगावर येणारी गाडी जागच्या जागी तरंगत असल्याचा भास होतो. उंच खांबावरच्या कॅमेऱ्यातून चढ-उतार सपाट होतात. मी एकदाच बेल्जियममधल्या स्पा-फ्रान्कोर्शाँ इथे शुक्रवारच्या सरावाला गेलो होतो. ओ रूज या चढत्या वळणाच्या तळाशी उभे राहून वर पाहिले तेव्हा पहिली काही मिनिटे मी गाड्यांची वाटही पाहिली नाही, नुसता रस्ताच पाहत राहिलो. सुमारे ४० मीटरांचा तो चढ पडद्यावर वर्षानुवर्षे पाहिलेला होता, पण तिथे तो भिंतीसारखा समोर उभा होता. मग पहिली गाडी आली. तळाशी ती दाबली गेली, खालची फळी रस्त्याला घासून ठिणग्या उडाल्या, मग गाडी डावीकडून उजवीकडे वळत वर चढली आणि माथ्यापलीकडे नाहीशी झाली. माथ्यापलीकडचे चालकाला दिसत नाही. तो तिथे आठवणीच्या भरवशावर जातो. हे मला इतक्या वर्षांच्या प्रक्षेपणाने कधी सांगितले नव्हते.

हेल्मेटच्या आत डोळ्यांपाशी बसवलेला इवलासा कॅमेरा आला तेव्हा मला म्हणूनच मनापासून आनंद झाला. त्यातून रस्त्याचा हादरा दिसतो, चालकाची मान वळणाकडे आधीच कशी झुकते ते दिसते आणि किती कमी दिसत असताना तो निर्णय घेतो हेही दिसते. गाडीवरच्या कॅमेऱ्याला मोठा इतिहास आहे. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टच्या १९७९ च्या शर्यतीत चालत्या गाडीतून थेट चित्र दाखवण्यात आले. फॉर्म्युला वनमध्ये १९८५ साली नवीन न्युर्बुर्गरिंगवर रेनॉ संघाने फ्रान्स्वा एस्नोसाठी तिसरी गाडी उतरवली, आणि तिच्यावर असा कॅमेरा होता. त्या काळातली उपकरणे वजनदार होती आणि चित्र मध्येच तुटायचे, पण हेतू स्वच्छ होता. प्रेक्षकाला चालकाच्या जागी नेऊन बसवायचे होते.

दिग्दर्शकाचे काम अवघड आहे हे मी विसरत नाही. स्पाची एक फेरी सात किलोमीटरांची आहे. तेवढ्या पट्ट्यावर वीस गाड्या (२०२६ पासून बावीस) विखुरलेल्या, डझनांनी कॅमेरे, प्रत्येक गाडीवरचे वेगळे कॅमेरे, सगळ्या चालकांचे रेडिओ, आणि यांतून एका क्षणी एकच चित्र निवडायचे असते. पूर्वी ज्या देशात शर्यत असे तिथली वाहिनी चित्रीकरण करी, आणि मग आपल्या देशाच्या चालकाच्या मागे कॅमेरा धावत राही. आता फॉर्म्युला वनची स्वतःची यंत्रणा हे काम करते. ट्रॅकवरची चित्रे इंग्लंडमधल्या बिगिन हिल इथल्या केंद्रात जातात आणि तिथून तयार होणारे एकच प्रक्षेपण जगभर पोचते. निरनिराळ्या देशांत समालोचक वेगळे असतात, चित्र तेच असते. मोनॅकोचा अपवाद २०२२ पर्यंत टिकला. तिथे २०२१ साली फेटेल आणि गॅसली पिटच्या, म्हणजे टायर बदलायच्या जागेच्या, तोंडापासून टेकडीवर शेजारी शेजारी भिडलेले असताना दिग्दर्शकाने लान्स स्ट्रोलच्या एका किरकोळ चुकीचा रीप्ले लावला होता, ते आठवले की अजूनही चुटपुट लागते. त्या अरुंद रस्त्यावर वर्षाकाठी अशी एखादीच झुंज पाहायला मिळते.

हेच काम उत्तम झाल्याचेही मी पाहिले आहे. २ नोव्हेंबर २००८ रोजी ब्राझीलमधल्या इंतरलागोसला फेलिपे मासा जिंकला आणि हॅमिल्टन सहावा होता. तसाच निकाल लागता तर विजेतेपद मासाचे होते. फेरारीच्या कक्षात मासाच्या घरच्यांनी जल्लोष सुरू केला. पण ओल्या रस्त्यावर कोरड्याचे टायर घेऊन घसरत चाललेल्या टिमो ग्लॉकला हॅमिल्टनने अखेरच्या वळणापाशी गाठले आणि तो पाचवा आला. एका गुणाने विजेतेपद फिरले. त्या अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण पुन्हा पाहा. रस्त्यावर काय झाले ते आधी दाखवले आहे, आणि नंतर त्याच चेहऱ्यांवर बातमी पोचताना दाखवली आहे. प्रेक्षक स्थानांचा हिशेब आधीच करून बसलेला होता, म्हणून ते चेहरे मनावर कोरले गेले. चेहरे दाखवण्याला माझा विरोध मुळीच नाही. चेहऱ्याला अर्थ देणारी शर्यत आधी दाखवा, एवढीच माझी मागणी आहे.

२०१७ साली लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीने फॉर्म्युला वन ताब्यात घेतले आणि २०१९ पासून नेटफ्लिक्सवर पडद्यामागच्या घडामोडींची मालिका येऊ लागली. तिने या खेळाला लक्षावधी नवे प्रेक्षक दिले. संघप्रमुखांची धास्ती, मधल्या फळीतल्या चालकाची नोकरी टिकेल की नाही ही टांगणी, हे सारे खरे आहे आणि ते आधी कुणी इतके जवळून दाखवले नव्हते. परंतु मालिका रचताना एका प्रसंगीचा आवाज दुसऱ्या प्रसंगावर लावला गेला, नसलेली वैरे उभी केली गेली, आणि त्याला कंटाळून मॅक्स वेर्स्टापेनने काही काळ तिला मुलाखती देणेही थांबवले. मालिका आपल्या जागी ठीक आहे. तिची सवय थेट प्रक्षेपणात शिरली हे मला अधिक खुपते. मालिकेला शेवट आधीच ठाऊक असतो, त्यामुळे महत्त्वाचा चेहरा कोणता हे तिला निवडता येते. थेट शर्यतीत शेवट कुणालाच ठाऊक नसतो. तिथे कथानक आधी ठरवून कॅमेरा फिरवला की अलोन्सोसारखा माणूस सातव्या जागेसाठी करत असलेला पाठलाग त्या कथानकात बसत नाही, आणि सुटून जातो.

यापुढची पायरी म्हणजे प्रक्षेपणात रंगत यावी म्हणून खेळाचे नियमच बदलणे. २०११ साली मागचा पंख उघडण्याची सोय, म्हणजे डीआरएस, आली तेव्हा तिच्यामागचे कारण प्रामाणिक होते. पुढच्या गाडीच्या मागची विस्कटलेली हवा मागच्या गाडीला चिकटून राहू देत नव्हती आणि काहीतरी करणे भाग होते. तरी एखाद्या चालकाने वीस फेऱ्या बचाव करावा आणि मग सरळ रस्त्यावर दुसऱ्याने बटण दाबून सहज निघून जावे, हे पाहताना माझ्या मनाला कधीच समाधान लाभले नाही. विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये तर काही हंगाम प्रेक्षकांच्या मतदानावर चालकाला जादा शक्ती मिळत असे. ती प्रथा बंद झाली, हे योग्यच झाले. मोनॅकोत २०२४ साली पहिले दहा चालक ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोचले, म्हणून २०२५ ला तिथे दोनदा टायर बदलणे सक्तीचे करण्यात आले. परिणाम काय झाला, तर काही संघांनी एका चालकाला मुद्दाम संथ चालवून मागची रांग अडवली आणि दुसऱ्यासाठी पिटमध्ये जाण्याइतकी जागा मोकळी केली. जगातले अत्यंत वेगवान चालक हुकमाने हळू चालत होते. मोनॅकोचा रस्ता आजच्या मोठ्या गाड्यांना पुरत नाही हे खरे दुखणे आहे, आणि सक्तीच्या थांब्यांनी ते बरे होणारे नाही.

१२ डिसेंबर २०२१ च्या अबू धाबीविषयी बोलताना माझा आवाज आजही चढतो. विजेतेपदासाठी झुंजणारे हॅमिल्टन आणि वेर्स्टापेन दोघेही प्रत्येकी ३६९.५ गुणांवर होते. अठ्ठावन्न फेऱ्यांच्या शर्यतीत त्रेपन्नाव्या फेरीत लतिफीची गाडी आदळली, सगळ्यांना संथ चालवणारी सेफ्टी कार आली, वेर्स्टापेनने नवे टायर घेतले. मग शर्यत संचालकांनी एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांपैकी दोघांच्या मधल्या पाचच गाड्यांना पुढे जाऊ दिले आणि सेफ्टी कार त्याच फेरीअखेर आत बोलावली. अखेरच्या फेरीत वेर्स्टापेन पुढे गेला. त्याने हाती आलेली संधी घेतली, त्याला मी बोल लावणार नाही. एफआयए या नियामक संस्थेच्या अहवालाने संचालकांची मानवी चूक मान्य केली आणि त्यांचा हेतू शुद्ध असल्याचेही नोंदवले. मला मात्र त्याच हंगामात सुरू झालेली एक पद्धत विसरता येत नाही. संघप्रमुख संचालकांशी रेडिओवर काय बोलतात ते थेट ऐकवले जात होते. पंचावर दबाव येत असताना तो दबावच कार्यक्रमाचा भाग झाला होता आणि जगभरचे प्रेक्षक तो ऐकत होते. शर्यत हिरव्या झेंड्याखाली संपावी ही इच्छा संघांनीही आधी मान्य केली होती, पण त्या इच्छेमागे पडद्यावरच्या देखण्या शेवटाची ओढ नव्हती असे मला म्हणवत नाही. पुढच्या हंगामात ती रेडिओवरची थेट बोलणी थांबवण्यात आली.

अपघातांच्या बाबतीत प्रक्षेपण कुठून कुठे आले हेही पाहायला हवे. १९७३ साली नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली आपली गाडी सोडून धावला आणि एकटाच ती सरळ करण्याचा प्रयत्न करत राहिला, आणि हे सारे थेट दिसत होते. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनला रोमां ग्रोजांची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि आगीचा लोळ उठला. तो सुखरूप असल्याचे कळेपर्यंत दिग्दर्शकाने रीप्ले दाखवला नाही. तो संयम मला फार मोलाचा वाटला. मात्र एकदा तो वाचला असे कळल्यावर, शर्यत थांबलेली असताना, तोच लोळ पुन्हा पुन्हा निरनिराळ्या कोनांतून दाखवला गेला, आणि थोड्याच वेळात त्याच रस्त्यावर परतायचे असलेल्या सहकाऱ्यांना तो पाहावा लागला. डॅनियल रिकार्डोने त्याबद्दल संताप व्यक्त केला. कोणत्याही शल्यविशारदाला पुढच्या शस्त्रक्रियेआधी असे काही पाहायला लावले जात नाही.

धीर धरला की काय मिळते याचे उदाहरण मला सहनशक्तीच्या शर्यतींत सापडते. २०१६ साली ल मांच्या चोवीस तासांत काझुकी नाकाजिमाची टोयोटा अखेरची मिनिटे उरली असताना शक्ती हरवून सुरुवातीच्या रेषेपाशी, आपल्याच संघाच्या कक्षासमोर थांबली आणि पोर्शे पुढे निघून गेली. तो क्षण तीस सेकंदांच्या तुकड्यातही दिसतो. पण ज्याने रात्रभर ती गाडी पाहिली, पहाटे तिचे टायर बदलताना पाहिले, त्याच्यासाठी ती थांबलेली गाडी निराळी असते. त्या गाडीपाशी कॅमेरा काही काळ स्थिर राहिला आणि समालोचकांनाही शब्द सुचेना. मला आजवरच्या समालोचनातला तो सर्वांत बोलका भाग वाटतो.

पैशाचा विषय थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये जी फॉर्म्युला वन बीबीसीवर कुणालाही दिसत असे ती २०१९ पासून, मायदेशातली शर्यत सोडली तर, थेट फक्त सशुल्क वाहिनीवर आहे. अमेरिकेत २०२६ पासून ती ॲपलकडे गेली. २०२५ मध्ये लिबर्टीने मोटारसायकल शर्यतींच्या मोटोजीपीचीही मालकी घेतली. मोटोजीपीच्या चित्रीकरणाला मी आजही मान देतो. झुकलेल्या मोटारसायकलवर क्षितिज स्थिर ठेवणारा कॅमेरा आणि गटाचा गट एकत्र टिपणारी रुंद चौकट, यांमुळे पाठलाग कळतो. तिथेही पाहुण्यांच्या चेहऱ्यांची रीत पोचू नये, असे मला कळकळीने वाटते.

२०२६ च्या नियमांनी तर प्रक्षेपणावर नवी जबाबदारी टाकली आहे. इंजिनाच्या जोडीची विद्युत शक्ती १२० किलोवॉटवरून ३५० वर गेली, डीआरएस गेले, पुढचे-मागचे पंख धावताना आकार बदलू लागले. आता सरळ रस्त्याच्या शेवटी एखादी गाडी वेग हरवते तेव्हा चालक कमी पडला, की बॅटरीतला साठा संपत आला, की त्याने तो पुढच्या वळणासाठी मुद्दाम राखला, हे नुसत्या चित्रातून कळत नाही. दोन गाड्यांमधले अंतर आता साठवलेल्या शक्तीचेही अंतर झाले आहे. ते दाखवण्यासाठी नीट आकडा हवा, जाणता समालोचक हवा, आणि त्याच दोन गाड्यांवर सलग चार-पाच फेऱ्या टिकून राहणारा कॅमेरा हवा. माहितीची चौकट पडद्यावर चमकून गेली आणि लगेच चित्र बदलले तर तिचा उपयोग होत नाही.

मन खट्टू झाले की मी १ जुलै १९७९ ची दिजाँची अखेर लावतो. त्या दिवशी जाँ-पिएर जाबुइ फ्रेंच गाडी घेऊन फ्रान्समध्ये जिंकत होता, आणि टर्बो इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला तो पहिलाच विजय होता. फ्रेंच प्रेक्षकांसाठी याहून मोठी बातमी असू शकत नव्हती. पण मागे दुसऱ्या जागेसाठी लाल फेरारीतला जिल व्हिलनव आणि पिवळ्या रेनॉतला रने आर्नू झुंजत होते, आणि त्या काळातल्या त्या थोड्याशा कॅमेऱ्यांनी त्यांना सोडले नाही. चाकाला चाक घासते, लाल गाडी रस्त्याबाहेर जाऊन परत येते, पिवळी गाडी तिला ओलांडते, पुढच्या वळणात लाल पुन्हा आत शिरते. कॅमेरा मध्येच डळमळतो, चौकट नेमकी बसत नाही, एका ठिकाणी झाडांमुळे काही दिसतही नाही. तरीही तो त्यांच्या मागे फिरत राहतो, एका वळणावरून दुसऱ्या वळणाकडे, दोघे रेषा ओलांडून जाईपर्यंत. व्हिलनव पुढे असतो, ०.२४ सेकंदांनी.